पाय लांब करायची सोय

मला एका जागी बसता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. शाळेत मास्तरांनी, घरी आईने आणि पुढे थिएटरात शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसांनीसुद्धा मला हे वेळोवेळी सुनावलेलं आहे. बसलो की उजवा पाय हलायला लागतो. आधी टाच, मग गुडघा, मग ज्यावर बसलोय ते सगळंच. आमच्या लोखंडी कॉटचे नट दर दिवाळीला आवळावे लागायचे ते माझ्यामुळे. आई ताट वाढता वाढता माझ्या गुडघ्यावर चापट मारायची आणि म्हणायची, "पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते." आमच्याकडे लक्ष्मी मुक्कामाला आलेली मी कधी पाहिली नव्हती, पण तसं बोललो असतो तर दुसरी चापट बसली असती.

त्यात पाय लांब. आमच्या घराण्यात माझ्याएवढं उंच कोणी झालं नाही. वडील बेताचे, धाकटा भाऊ आईवर गेलेला, आणि आईला फडताळातला वरचा डबा काढायला पाट लागायचा. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी बाहेरच्या खोलीत झोपायचो तेव्हा माझे पाय कॉट ओलांडून दाराच्या उंबऱ्यापर्यंत जायचे. पहाटे दूधवाला हाक मारायचा नाही, माझा अंगठा हलवायचा.

तर असे हे पाय घेऊन मी नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मोटरसायकलवर फिरायचो. द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे सुटे भाग विकायचं काम होतं. पिशवी गाडीला अडकवायची आणि निफाड, विंचूर, येवला, कधी वाकडी वाट करून मनमाड. गाडी शंभर सीसीची. ती बनवणाऱ्याने डोळ्यापुढे जो माणूस धरला होता तो माझ्या भावाच्या मापाचा असावा. मी बसलो की गुडघे टाकीच्या वर यायचे आणि वळताना हँडल त्यांच्यावर आपटायचं. चांदोरीपर्यंत कसंबसं निभायचं. तिथे मांड्यांना मुंग्या आल्या की गाडी कडेला घेऊन मी रस्त्यावर लाथा झाडत उभा राहायचो. एकदा बांधावरून एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "काय चावलं का रं?"

मग लग्न झालं. बायको माझ्या छातीपर्यंत येते. फोटोग्राफरने मला प्रत्येक फोटोत वाकायला लावलं, त्यामुळे आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीतरी पडलेलं शोधतोय असं दिसतं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा चांदोरीच्या पुढे, म्हणजे माझ्याच वाटेवर. सकाळी मी तिला सोडायचो, संध्याकाळी ती एसटीने परत यायची.

त्या सकाळच्या प्रवासाचं महत्त्व कळायला आमचं घर पाहायला हवं. लग्नानंतर आतली खोली आम्हाला मिळाली होती खरी, पण मोरीकडे जायची वाट त्याच खोलीतून. आम्ही दोघं काही बोलायला तोंड उघडलं की वडील खाकरत यायचे, "चालू द्या, चालू द्या," म्हणत तांब्या घेऊन पलीकडे जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. मधल्या वेळात बोलण्यासारखं काही उरायचं नाही. नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं ठिकाण म्हणजे मोटरसायकलची सीट. ती साडीत, एका बाजूला पाय सोडून, डबा आणि पिशवी मांडीत धरून बसायची, उजवा हात माझ्या खांद्यावर. आडगाव नाका सुटला की माझ्या डाव्या कानात दिवस सुरू व्हायचा. मुख्याध्यापक काय म्हणाले, आईंनी भाजीत मीठ का वाढवलं, भावाला नोकरी कुठे लागेल, सगळं.

श्रावणात कधीतरी तिने एक नवीन विषय काढला. "आडगाव नाक्यापुढे दोन खोल्या आहेत भाड्याने. आमच्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीतल्या. मी पाहून आले. आपण घ्यायच्या का?"

"बघू," मी म्हणालो.

"दिवाळीपर्यंत ते थांबतील. नंतर दुसऱ्याला देणार."

"हो, बघू की."

घरात भांडण नव्हतं. म्हणूनच अवघड होतं. भांडण असतं तर ताडकन निघता आलं असतं. इथे मी थोरला, आई चारचौघांत माझ्या उंचीचं कौतुक सांगणारी, आणि तिच्यापुढे उभं राहून म्हणायचं की आई, आम्ही वेगळं बिऱ्हाड करतोय. नुसत्या विचाराने माझा पाय ब्रेकवर हलायला लागायचा आणि मागचा दिवा लुकलुकायचा. मागून येणारे टेम्पोवाले शिव्या द्यायचे.

पुढचे कितीतरी दिवस ती खोल्यांचा विषय काढायची, मी बघू म्हणायचो, आणि चांदोरी आली की मुंग्या आल्या म्हणून गाडी थांबवायचो. लाथा झाडून परत बसेपर्यंत विषय थंड झालेला असायचा. शेवटी एके दिवशी मी लाथा झाडत असताना ती लिंबाखाली डबा धरून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या पायाला मुंग्या नेमक्या मी खोल्यांचं काढलं की येतात."

"अगं, गाडीच लहान आहे. बघ ना तू. माणसाने पाय ठेवायचे कुठे?"

"मग पाय लांब करायची काहीतरी सोय करून घ्या एकदाची. म्हणजे न थांबता उत्तर देता येईल."

ती टोमणा मारत होती. मी तो सल्ला म्हणून घेतला.

त्याच आठवड्यात त्र्यंबक रोडच्या पेट्रोल पंपावर मला एक गोरा दिसला. माझ्याएवढाच उंच, केस वाढवलेले, मोठी जड मोटरसायकल. त्याने पेट्रोल भरलं, गाडी सुरू केली, आणि वेग आल्यावर दोन्ही पाय उचलून पुढे लेग गार्डवर टाकले. लेग गार्ड म्हणजे इंजिनासमोर पायांच्या रक्षणाला असते ती वाकवलेली नळी. तिच्यावर त्याने दोन जादा फूटरेस्ट बसवून घेतले होते, दांड्यासारखे बाहेर आलेले, रबर घातलेले. पाय पुढे, पाठ मागे, आणि माणूस अंगणात आरामखुर्चीत बसल्यासारखा त्र्यंबकच्या दिशेने निघून गेला. पंपावरचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्हाला पाहिजे असं काहीतरी." म्हणजे हे त्यालाही दिसत होतं.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. गिऱ्हाइकाला पंपाचा वॉशर दाखवता दाखवता माझं लक्ष बाहेर उभ्या गाड्यांच्या गार्डकडे. चहाच्या टपरीवर मित्रांनी मतं दिली. एक म्हणाला, फूटरेस्ट गार्डच्या वरच्या वळणावर घे, पाण्यातून जाताना पाय कोरडे राहतील. दुसरा म्हणाला, खाली घे, नाहीतर बाळंतिणीसारखा दिसशील. तिसरा एका कचेरीत कारकून होता आणि कंबरदुखीमुळे त्याला या विषयाची फार माहिती. तो म्हणाला, पाय पूर्ण सरळ होऊ देऊ नको, गुडघ्यात थोडी घडी राहिली पाहिजे, नाहीतर खड्ड्याचा दणका थेट कमरेत. आणि घडीचे घे, गरज नसेल तेव्हा दुमडता येतील असे. या एकाच माणसाचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मी लगेच बाजूला सारलं. आयुष्यभर पाय घडी घालून बसलेल्या माणसाला पुन्हा घडीच सांगायची? मला पाय सरळ हवे होते. पट्टीसारखे सरळ.

द्वारका चौकाजवळ एक फॅब्रिकेशनवाला होता, खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवणारा. मालेगावकडचा. उत्साही माणूस, नाही म्हणायची सवयच नाही. "हाय काय त्यात, भाऊ? दोन दांडे, दोन क्लॅम्प. लय भारी बसवून देतो." आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, दसऱ्याला सुरू कर, चांगलं असतं. तिला वाटलं, पायांना जागा मिळाली की ते हलायचे थांबतील.

दसऱ्याच्या दिवशी तो आमच्याकडे सोनं द्यायला आला, नवा शर्ट घालून. गाडी धुऊन, डबल स्टँडवर चढवून बोळात उभी होती. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला हार, आणि गार्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूची मनगटाएवढी जाड माळ. आईने स्वतः ओवलेली.

"आज वेल्डिंग नाय, भाऊ," तो म्हणाला. "हत्यारं पूजेत. आज हात लावायचा नाय."

"निदान माप तरी घ्या."

"टेप पण पूजेत मांडलाय." मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि माळ ओवून उरलेली सुतळी उचलली. "हिच्यावर घेतो. गाठी मारतो. बसा तुम्ही."

मी पाय उचलला तर आई दारातून म्हणाली, "अरे, चपला काढ. पूजा झालीय." म्हणून मी अनवाणी बसलो. बसलो तो चांगला ऐसपैस, सरकत सरकत सीटच्या शेपटापर्यंत गेलो, आणि दोन्ही पाय पुढे ताणले. जन्मात पहिल्यांदा गाडीवर माझे गुडघे सरळ झाले. फॅब्रिकेशनवाला दोन पावलं मागे जाऊन म्हणाला, "वा. राजासारखं. असंच राहा." त्याने तळव्यापाशी सुतळी आणली. मध्ये माळ येत होती.

"आई, ही माळ जरा सरकवू का?"

"उद्यापर्यंत हलवायची नाही."

"असू द्या, माऊली," तो म्हणाला. "माळेच्या बाहेरून खूण करतो." आणि माळेच्या जाडीइतकं बाहेर जाऊन त्याने गाठ मारली. डावीकडे एक, उजवीकडे एक. वडिलांनी मान डोलावली. भाऊ म्हणाला, दादा, फोटो काढायला पाहिजे होता. बायको आत पुऱ्या तळत होती. तिला बाहेर बोलवावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. गाडी माझी, पाय माझे, तिचं काय काम?

दोन दिवसांनी दांडे बसले. गेटच्या नळीचे, भक्कम, जागचे न हलणारे, वर सायकलच्या पेडलचं रबर. मी ऐटीत घरी आलो आणि बोळाच्या तोंडाशी गाडी अडकली. दोन्ही भिंतींना दोन्ही दांडे. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा पुढे. एक दांडा आत जायचा, दुसरा राहायचा. समोरच्या काकू गॅलरीतून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "शिंगं धरून ओढ, बैल असाच आत घेतात." त्या दिवसापासून गाडी बाहेर पिंपळाखाली राहायला लागली.

पण खरी गंमत सोमवारी सकाळी. बायको नेहमीसारखी बसली, डबा मांडीत, हात खांद्यावर. आडगाव नाका सुटला, रस्ता मोकळा झाला, आणि मी म्हणालो, "आता बघ." पाय उचलून पुढे टाकले.

गुडघे वर आले. पूर्वी होते त्याहून वर.

मला कळेना. दसऱ्याला तर सरळ झाले होते. मग लक्षात आलं की थोडं मागे सरकलं तर ते सरळ होतात. मी सरकलो. आणखी सरकलो. पायात आता जाड तळाचे बूट, ते दांड्याला टेकून मला पुढून ढकलत होते आणि मी मागे जात होतो. आणि मागे जागा कुठली? तिथे माझी बायको होती. माप घेतलं होतं ते मी तिच्या जागेवर बसून.

"अहो," ती म्हणाली.

"दोन मिनिटं. जमतंय."

"अहो, मी कॅरियरवर बसलेय."

गुडघे सरळ झाले आणि कारकून मित्राची आठवण झाली. पहिला खड्डा टाचेतून कमरेत आणि कमरेतून दातांत आला. दुसऱ्यालाही तसंच. दांडे इतके रुंद की पाय फाकलेले, वारा पँटीत शिरून पँट फुगलेली. स्टँडवर उंच दिसणारी गाडी आता दोघांच्या वजनाने दबली होती. एका गतिरोधकावर दांडे घासले आणि मागे शाळेत जाणाऱ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. बायको काहीतरी सांगत होती. पण मी मागे रेललेलो, तिचं तोंड माझ्या पाठीआड गेलेलं, मला नुसतं "म्हणून मी म्हटलं की" एवढंच ऐकू आलं.

चांदोरीच्या अलीकडे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा वळला. माझा उजवा पाय ब्रेक दाबायला गेला आणि हवेत दाबत राहिला. ब्रेक होता तिथेच होता, पायच घरी नव्हता. हाताने पुढचा ब्रेक आवळला. गाडी डगमगत ट्रॅक्टरच्या चाकापासून हातभर अलीकडे थांबली. डबा बायकोच्या मांडीतून उडाला आणि गडगडत खाली खड्ड्यात गेला. ट्रॅक्टरवाला वरून म्हणाला, "पाय खाली घे ना भो, तमाशाला चालला काय?"

ती उतरली. डबा उचलला, पुसला. पदर नीट केला. मला वाटलं, आता ऐकवेल. तिने काही ऐकवलं नाही. शाळेच्या फाट्यावर उतरली आणि म्हणाली, "उद्यापासून मी जाताना पण एसटीने जाईन. तुम्ही बसा आरामात."

आता संपूर्ण सीट माझी होती. मी शेपटापर्यंत सरकून, पाय पट्टीसारखे करून एकटा जायला लागलो. मुंग्या येत नव्हत्या. चांदोरीला थांबावं लागत नव्हतं. आणि मला चैन पडत नव्हतं. डाव्या कानात नुसता वारा. घरी आल्यावर ती "चहा ठेवलाय" आणि "भावोजी जेवले" यापलीकडे बोलायची नाही, आणि मोरीच्या वाटेवरून वडील जातच होते. सगळ्यात वाईट म्हणजे खोल्यांचं तिने काढणंच बंद केलं. रागावली असती तर समजूत काढली असती. ती उत्तराची वाट बघायची थांबली होती. छाटणीचा हंगाम, माझ्या कामाचे दिवस, पण मी विंचूरला जायचो ते येवल्याची ऑर्डर घेऊन, आणि येवल्याला गेल्यावर आठवायचं की वॉशर विंचूरला राहिले. दिवाळी जवळ येत होती.

मी तिच्या एसटीच्या वेळेला निघायला लागलो. निमाणीच्या स्टँडवरून एसटी सुटली की मागे मी. ती खिडकीत, मी खाली शेजारून, पाय पसरलेले. एकदा ती डबा विसरली तेव्हा मला फार बरं वाटलं. चांदोरीच्या थांब्यावर मी खिडकीशी गेलो.

"डबा."

"द्या."

"ऐक ना."

"ऐकतेय."

शेजारी बसलेल्या म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिला वेळ लागला. "कोण गं हे?"

"आमचे."

"मग गाडीवर का नाय बसत त्यांच्या?"

"जागा नाही, आजी."

"एवढी थोरली गाडी हाय की."

"गाडी थोरली नाही. ते आहेत."

म्हातारी हसली, पुढची दोन बाकं हसली. कंडक्टर दारातून म्हणाला, "भाऊ, बोलायचं तर तिकीट काढा, आत या. गाडीला उशीर होतोय." त्या दिवशी मी विंचूरला गेलोच नाही. तिथूनच वळलो आणि थेट द्वारका गाठली.

"काढायचे?" फॅब्रिकेशनवाला दुखावला. "एवढं राजासारखं बसवलं."

"राजा एकटा पडलाय," मी म्हणालो. "पुन्हा माप घ्या. रविवारी या. टेप घेऊन या."

रविवारी गाडी पिंपळाखालीच होती. मी बायकोला आत जाऊन सांगितलं, "पाच मिनिटं बाहेर ये. गाडीवर बसायचंय."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. नुसतं बसायचंय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग पिशवीतून खडू घेतला. का घेतला ते मला तेव्हा कळलं नाही. मी बूट घातले. स्टँड काढला. वडील पुढून हँडल धरून उभे राहिले, गंभीर चेहऱ्याने, मिरवणुकीचा घोडा धरावा तसे. समोरच्या काकू गॅलरीत आल्या. बायको बसली, नेहमीसारखी, अगदी डबासुद्धा मांडीत घेऊन. मी तिच्यापुढे बसलो आणि सवयीने मागे सरकलो.

"पुढे," ती म्हणाली.

मी सरकलो.

"आणखी पुढे."

"अगं, आता टाकीवर बसू का?"

"थांबा. इथे." तिने खाली वाकून आमच्या दोघांच्या मधोमध सीटवर खडूची रेघ ओढली. "ही तुमची हद्द. आता पाय कुठे पोचतात ते बघा."

मी पाय पुढे केले. ते पट्टीसारखे झाले नाहीत. गुडघ्यात घडी राहिली, थोडीशीच, कारकून सांगत होता तेवढी. पण तळवे गार्डच्याही वीतभर पुढे आले, जिथे नळीच नव्हती. फॅब्रिकेशनवाल्याने डोकं खाजवलं आणि मग त्याचा चेहरा उजळला. "लोखंडी पट्टी काढू पुढे. गार्डातून पट्टी, पट्टीला घडीचा दांडा. आतल्या अंगाला घेतो, बोळात जाईल."

"आणि ब्रेक?" बायको म्हणाली.

"ब्रेक तिथेच हाय, ताई."

"ब्रेक तिथेच आहे, माहितीय. गाव आलं की हे पाय खाली घेणार. माणसं दिसली की खाली. ट्रॅक्टर दिसला की आधीच खाली." हे ती त्याला सांगत होती, बघत माझ्याकडे होती. मी मान डोलावली. वरून काकू म्हणाल्या, "पोरी, लिहून घे त्याच्याकडून." लिहून घेतलं नाही. पण त्याने टेप लावला, तिने खडूने खुणा केल्या, आणि वडील म्हणाले, आता हँडल सोडलं तर चालेल का, हात भरून आला.

नवे दांडे लागल्यावर पहिल्या सकाळी ती येऊन बसली. खडूची रेघ पुसट झाली होती, पण होती. आडगाव नाका सुटला. मी पाय पुढे घेतले. नांदूर नाक्याला खाली घेतले, पुन्हा पुढे घेतले. डाव्या कानात अजून काही नव्हतं. मोकळा रस्ता लागला तसा तिचा हात खांद्यावर आला.

"मुंग्या येतायत का?"

"नाही."

"मग आता सांगा. खोल्या घ्यायच्या का?"

चांदोरी आली आणि मागे गेली. थांबायला कारण नव्हतं. "घ्यायच्या," मी म्हणालो. "पण आईला सांगायचं कसं? घरात कुठे सांगू? वडील मोरीकडे निघालेले असतात, भाऊ बसलेला असतो. ती ओट्याशी, पाठ करून. पाठीला कसं सांगू?"

फाटा आला. उतरून पदर खोचत म्हणाली, "मग आईंना गाडीवर घ्या."

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी मी आईला म्हणालो, चल, तुला त्र्यंबकला नेऊन आणतो. तिला नवल वाटलं, पण ती नवी साडी नेसली. बसली ती दोन्ही हातांनी मला धरून. जाताना सातपूरला बोलायचं ठरवलं होतं. सातपूर गेलं. मग महिरावणीला. मग अंजनेरीच्या फाट्याला. देवळात रांगेत तर काय बोलणार. परत निघालो तेव्हा ऊन उतरत होतं आणि रस्ता रिकामा होता. मी पाय पुढे घेतले.

अंजनेरी मागे पडली तसा उजवा पाय हलायला लागला. पूर्वी तो ब्रेकवर हलायचा, आता पट्टीवर. पट्टी हलली, गार्ड हलला, गाडीभर खडखड. मागून माझ्या गुडघ्यावर चापट मारता येत नव्हती, म्हणून आईने पाठीवर मारली.

"काय सांगायचंय?"

"काही नाही."

"शाळेतून मास्तरांची चिठ्ठी आणलीस की असाच हलायचा. सांग."

मी सांगितलं. समोर बघत, वाऱ्यात, जरा मोठ्याने, कारण तिला कमी ऐकू यायचं. दोन खोल्या, आडगाव नाक्यापुढे, तिच्या शाळेला जवळ, माझ्या कामाला जवळ. भांडण म्हणून नाही, आई. सगळं एकदम बोललो आणि पाय थांबला.

एक ट्रक गेला, दुसरा गेला. आईचे हात होते तिथेच होते, पण पकड सैल की घट्ट ते मला कळत नव्हतं.

"तिने पाहिल्यात खोल्या?"

"हो."

"तू?"

"नाही अजून."

"मग आधी बघून ये. कॉट मावते का बघ." मग थोड्या वेळाने, "तुझे पाय तसेही उंबऱ्याबाहेरच असायचे."

सातपूर जवळ आलं, माणसं दिसायला लागली, मी पाय खाली घेतले. सिग्नलला थांबलो तेव्हा ती कानाशी आली.

"सोमवारी मला न्यायला येशील का असा?"

"येईन की."

"दर सोमवारी नको म्हणते. अधूनमधून."

"येईन, आई."

"मग हे मागच्या माणसाचं पाय ठेवायचं जरा वर घ्यायला सांग. जाताना येताना माझे पाय लोंबकळत होते. तिच्या मापाचं आहे ते."

दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली आईला गाडीवर बसवलं. स्टँड काढून, चपला पायात ठेवून. वडिलांनी हँडल धरलं, मी पुढे बसलो, आणि खडूची खूण बायकोने केली.